स्वप्नालीच्या दाताची वही

१८ फेब्रुवारी १९९६, रविवार. कन्हेरी

ही वही मंगळवारीच सुरू करायची होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "रोज दोन ओळी लिहा. दात हलतो का, हिरडी सुजली का, पोर काय खाते. पुढच्या वेळी मला दाखवा." मी हो म्हणालो. बुधवारी वही आणली. गुरुवारी पेन सापडेना. शुक्रवारी पेन सापडला, पण शेजारच्या विहिरीत सुरुंग लावणार होते, ते बघायला गेलो. आधी माणसं लांब पळतात, मग धूर येतो, मग आवाज. का आवाज आधी? ते बघण्यात शनिवारही गेला. म्हणून आज.

खरं कारण हे नाही. खरं कारण हात तिकडं वळला तर लिहीन.

आधी कोण काय ते. मी कुंडलिक, वय तेवीस, नववी दोनदा. गाव कळस, इंदापूर तालुका. आतापर्यंत ट्रकवर क्लीनर होतो, कारखान्याच्या काट्यावर होतो, भिगवणला मासे तळायच्या हॉटेलात होतो. एका जागी जास्तीत जास्त चार महिने. हितं कन्हेरीला थोरली बहीण अनिता दिलेली, तिला मी अक्का म्हणतो. तिची सासू सरुबाई. दाजी दुधाच्या टँकरवर असतात, पंधरवड्यानं घरी येतात. आणि स्वप्नाली, अक्काची पोरगी, आठ वर्षांची, तिसरीत. मी जानेवारीत दोन दिवसांसाठी आलो होतो.

मंगळवारी पाचच्या सुमाराला स्वप्नालीला सायकलच्या पुढच्या नळीवर बसवून कालव्याच्या उतारानं निघालो. सायकल माझी शाळेतली. जानेवारीत कळसला जाऊन घेऊन आलो, आबा घरात नसताना. आबा म्हणजे माझे वडील. ते असताना मी जात नाही. दोन वर्षं झाली, आमचं बोलणं नाही. सायकलच्या मागच्या ब्रेकची तार कुणी काढून नेली होती. म्हटलं, पुढचा ब्रेक आहे की.

पोरगी ओरडत होती, "जोरात मामा, आणखी जोरात!" खाली पाटाच्या चारीपाशी मोठा दगड आडवा आला. मी पुढचा ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि आम्ही दोघं पुढं गेलो. माझं कोपर सोललं. तिचं तोंड चारीच्या सिमेंटच्या कडेवर आपटलं. वरचा पुढचा दात अख्खा, मुळासकट, मातीत पडला.

उचलून घरी आणली. सरुबाईंनी दात माझ्या हातातनं घेतला, कपाळाला लावला आणि सवयीनं, "उंदीरमामा, जुना घे, नवा दे," म्हणून पत्र्यावर भिरकावला. ह्या घरातल्या सगळ्यांचे दात त्याच पत्र्यावर गेलेत.

रक्तानं भरलेल्या तोंडानं पोरगी किंचाळली, "आजे! ह्योच नवा हुता! उंदरानं मागच्या साली दिल्याला!"

मग मी पत्र्यावर. भोपळ्याच्या वेलात दहा मिनिटं शोधला तेव्हा एका पिवळ्या पानाखाली सापडला. मग एसटीडी बूथवर पळालो. मला बोर्ड वाचायचा नाद आहे. बारामतीला दातांच्या डॉक्टरचा बोर्ड बघितलेला, त्यावरचा नंबर पाठ होता. फोनवर बाई म्हणाल्या, "थंड दुधात टाका आणि आहात तसे या."

हात दुखला. बाकीचं उद्या.

१९ फेब्रुवारी, सोमवार

हिरडी लाल, सूज कमी. सकाळी दूध-भाकरी कुस्करून खाल्ली. कुरकुर नाही.

आता खरं कारण. पत्र्यावरनं उतरलो तेव्हा दाताला माती, पानाचा चिकटा, काय काय लागलेलं. असला मळका दात डॉक्टरकडं कसा न्यायचा? आमची आई देवळात जायच्या आधी टाचा घासून धुवायला लावायची. मी न्हाणीत गेलो, काळ्या राखुंडीची डबी घेतली आणि दाताचं मूळ बोटानं चांगलं चोळलं. पांढरं दिसायला लागल्यावर बरं वाटलं. मग फोन केला.

फोनवर दुधाच्या आधी मॅडम जे म्हणाल्या, ते काल मी लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, "दात सापडलाय ना? मुळाला हात लावू नका. घासू नका. माती असेल तर असू द्या. मुळावर पातळ जिवंत साल असते, ती गेली तर दात धरत नाही."

मी म्हणालो, "न्हाय मॅडम, कुणी हात लावला न्हाय."

बारामतीला जाताना वडापच्या जीपमध्ये अक्काच्या मांडीवर पोरगी, हातात दुधाचा पेला, पेल्यात दात. ड्रायव्हर म्हणाला, "जोरात घेऊ का दूध सांडंल म्हणून हळू घेऊ? एक काय ते सांगा!" सगळी जीप एकदम बोलायला लागली. कुणी म्हणे जोरात, कुणी म्हणे हळू. पोरगी पेल्यात बघत होती.

दवाखान्यात पोचलो. डॉक्टर योगिनी मॅडम वयानं अक्काएवढ्याच असतील. त्यांनी दात चिमटीत धरला, खायच्या बाजूनं, मुळाला बोट न लावता. दिव्याखाली फिरवून बघितला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "कुणी घासला नाही ना?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. एकादशी कधी, चतुर्थी कधी. "न्हाय," म्हणालो.

मिठाच्या पाण्यानं धुऊन त्यांनी तो जागेवर बसवला. हळू. बसताना बारीक टक आवाज आला. आता त्याला शेजारच्या दातांशी बांधायचं होतं. त्यांच्याकडची तार जाड निघाली. "असली ताठ तार नको मला," म्हणून त्या खण उपसायला लागल्या. माझ्या खिशात तंगुसाचं रीळ होतं, भिगवणपासनं असतंच. मी पुढं केलं.

"हे काय?"

"तंगूस. उजनीतलं मासं धरायचा दोरा."

त्या हसल्या. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला आणि पांढऱ्या लगद्यानं दातांवर चिकटवायला घेतला. लगदा निळ्या दिव्यानं घट्ट होतो. दिवा लावायची वेळ आणि लाईट गेली. मॅडमनी बोटानं दात धरून ठेवला. लाईट येईपर्यंत वीस मिनिटं, वाकून, एका बोटावर. तेवढा वेळ पोरीला त्यांच्या लहानपणच्या मांजरीची गोष्ट सांगत होत्या. मांजरीचं नाव राहिलं विचारायचं.

एवढं करून माझ्यामुळंच तो दात गेला तर?

२१ फेब्रुवारी, बुधवार

सूज नाही. खिमट खाल्लं. औषधाच्या पाण्यानं चूळ भरताना निम्मी माझ्या अंगावर.

वर्ल्ड कपची मॅच आहे म्हणून किराणा दुकानासमोर पन्नास माणसं टीव्हीला चिकटलेली. मी मीठ आणायला गेलो होतो. मीठ आणलं, पण उशिरा. अक्का म्हणाली, "आमटी अळणी खाल्ली समद्यांनी. तुझा स्कोर काय झाला त्यो सांग आता."

सरुबाई सकाळी मेथीच्या चार जुड्या घेऊन बारामतीला गेल्या, देवीला जाऊन येते म्हणाल्या. देवीला मेथी कशाला? परत आल्या तेव्हा जुड्या नव्हत्या आणि डोळे लाल होते. एस्टीत धूळ फार.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तंगूस निघाला. दात जागेवर आहे!! किंचित हलतो. मॅडम म्हणाल्या, हलू दे.

आमच्या आधी बाकड्यावर सर्जेराव म्हणून एकजण होते, चांगला पैलवान गडी. ट्रॅक्टरचं हँडल उलटं फिरून तोंडावर बसलं, पुढचे दोन दात गेले. ते दात कागदात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवलेले, तीन दिवस. "बाई, हिचा बसवलात, आता माजं बी बसवा." मॅडमनी समजावलं की कोरड्या दाताला तासाभराच्या आतच काहीतरी आशा, तीन दिवसांनी नाही. कवळीसारखे बांधून देईन म्हणाल्या. एवढा मोठा माणूस, त्या कागदाकडं बघत बसला. मग कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली. स्वप्नाली त्यांना म्हणाली, "काका, पत्र्यावर टाका. माझ्या आजीकडं उंदीर हाय." ते बिनदाताचं हसले.

मी विचारलं, ताठ तार का नको होती. मॅडम म्हणाल्या, "घट्ट आवळला की दात हाडाला चिकटून बसतो. थोडी हालचाल ठेवून बांधला, की आपोआप धरतो." मला आबा आठवले. कोकराचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या लावून बांधायचे आणि मला म्हणायचे, "लई आवळू नगं रं. हाडाला बी जागा लागती." आम्ही मेंढरामागं फिरणारी माणसं. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली कोकणात, त्यामुळं माझी शाळा पण अशीच, एक महिना आहे, चार महिने नाही. पुढं आबांनी मेंढरं विकली, रान घेतलं, म्हणाले आता एका जागी राहायचं. मला जमलं नाही. आता चार शेरडं आहेत त्यांच्याकडं. जानेवारीत गेलो तेव्हा करडांच्या कुडाचं दार आबांनी चकचकीत तारेनं बांधलेलं दिसलं. गाठ तीच, कोकराच्या पायाची, ढिली पण न सुटणारी. कुठनं एवढी चांगली तार मिळाली देव जाणे.

भरकटलो. दाताचं लिहितो. मॅडमनी स्टीलच्या काडीनं दातावर ठोकून दाखवलं. शेजारच्या दाताचा आवाज मऊ येतो. दात हाडाला चिकटला तर टणटणीत येतो, भांड्यासारखा. मग पोरीचा जबडा वाढतो आणि तो दात वाढत नाही, मागं राहतो, हळूहळू विरघळून जातो. साल खरवडली गेली असेल तर असं होतं. दोन आठवड्यांनी ठोकून बघू म्हणाल्या.

"वही आणलीत?"

"इसरलो मॅडम."

वही खिशात होती.

स्वप्नालीनं खुर्चीवर बसल्या बसल्या मॅडमच्या कानात काहीतरी सांगितलं. बराच वेळ. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझीच चहाडी असणार.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी निघून गेलो होतो.

सकाळी कुणाला न सांगता एस्टीत बसलो, भिगवणला उतरलो. काय करू? ठोकल्यावर आवाज टणटणीत आला तर मला तिथं उभं राहायचं नाही. मी असाच आहे, गोष्ट बिघडायला लागली की मी गाडीत असतो. कारखान्यातनं तसाच आलो, घरातनंही तसाच.

उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी उतरलेले, लांबून गुलाबी कपडे वाळत घातल्यासारखे. तासभर बघत बसलो. मान पाण्यात उलटी घालून खातात. ओळखीचा ट्रकवाला भेटला. म्हणाला, अकरा तारखेला हुबळीला माल जायचाय, क्लीनर पाहिजे. मी हो म्हणालो.

आणि खिशात हात घातला तर स्वप्नालीच्या चुळीच्या औषधाची बाटली. सकाळी कपाटावरनं उचलून खिशात टाकली असणार, कशाला ते आठवत नाही. तिनं दुपारी चूळ कशानं भरली असेल? दुसऱ्या एस्टीनं परत आलो. फक्त बाटलीसाठी.

पोरगी ओट्यावर होती. "मामा, कुठं गेल्तास?"

"पक्षी बघायला."

"मला न न्हेता?" मग माझा शर्ट हुंगून म्हणाली, "मासं खाल्लंस!"

५ मार्च, मंगळवार. होळी

पुरणपोळी दाढेनं खाल्ली, पुढच्या दातानं चावायला अजून मनाई. "मामा, दात माझाच हाय नव्हं? उंदराचा न्हाय?" तुझाच, म्हणालो. हिरडी आता गुलाबी, शेजारच्यासारखी.

अक्का परवा बांगड्या भरायला बारामतीला गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. म्हणाली, पसंत पडल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. शिवाय तिनं कळसला पत्र टाकलंय. काय लिहिलं विचारलं तर म्हणाली, "आबांची नात हाय. त्यास्नी कळाया नगं?" माझं काय लिहिलं, ते सांगत नाही.

८ मार्च, शुक्रवार

सकाळी निघताना वही खिशात घातली. बाहेर काढली. परत घातली. सरुबाई म्हणाल्या, "कुंडलिका, ती वही हाय का कोंबडी? आत-भाईर काय चाललंय?"

दवाखान्यात पोरगी खुर्चीवर बसली. मॅडमनी स्टीलची काडी उचलली, आणि मी म्हणालो, "मॅडम, आधी ह्ये वाचा." वही दिली. स्वच्छ नक्कल करून द्यायची ठरवली होती, ती झाली नाही. जी आहे ती दिली, राखुंडीसकट, मेथीसकट, आबांसकट.

त्या उभ्यानं वाचायला लागल्या, मग बसल्या. मी कॅलेंडर वाचत होतो. मार्चचं पान लागलेलं.

वही मिटून त्या म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. मुळावर काळे कण होते, ते मीच धुतले."

"मग इचारलं का?"

"तुम्ही सांगाल म्हणून. आणि किती चोळला, सगळीकडून की एका बाजूनं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? त्यावर ठरतं काय काय बघत राहायचं ते."

मी आठवलं. "पुढच्या बाजूनं. पाठची बाजू राहिली."

"का राहिली?"

"मधीच बोर्डावरचा नंबर आठवला. इसराय नगं म्हणून तसाच पळालो."

मॅडम हसायला लागल्या. "अर्धवट सोडलेल्या कामाचा एवढा फायदा मी पहिल्यांदाच बघतेय." मग म्हणाल्या, "कुंडलिकराव, तुम्ही चौथे."

"कशात?"

"ह्या दाताच्या गुन्हेगारांत. पहिल्या सरुबाई, मेथी घेऊन आल्या. म्हणाल्या, मी पत्र्यावर टाकला, माझ्या हातनं पोरीचं नुकसान झालं, पोराला बोल लावू नका. नंतर ही," त्यांनी स्वप्नालीकडं बोट दाखवलं, "कानात म्हणाली, मामाचा दोष नाही, मीच जोरात म्हणाले. मग तुमच्या अक्का. म्हणाल्या, स्वयंपाक उरकावा म्हणून मीच दोघांना बाहेर घालवलं. बांगड्या राहिल्या त्यांच्या. आता तुम्ही. अजून कुणी राहिलंय का घरात?"

अक्का मागं उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला आणि वर मलाच रागानं म्हणाली, "राखुंडी व्हय रं? म्हनून डबी उघडी पडल्याली!"

मग मॅडमनी ठोकलं. आधी शेजारच्या दातावर. ठप. मग आपल्या दातावर.

ठप.

परत ठोकलं. ठप. बोटानं हलवून बघितला, फोटो काढला. मी श्वास सोडला तर पोरगी नाक धरून म्हणाली, "मामा, परत मासं!"

मॅडमनी जास्त आनंद करू दिला नाही. म्हणाल्या, आजचं चांगलं आहे, एवढंच. आत जीव धरतो का ते तीन महिन्यांत कळेल, नाही धरला तर औषध भरावं लागेल. पुढची बाजू सहा महिन्यांनीही चिकटायला लागू शकते. "जबडा वाढतोय तोवर बघावं लागेल. पाच वर्षं. कोणीतरी एकानंच नेहमी घेऊन यावं, म्हणजे आधी कसा होता ते त्याला माहीत असतं. आणि वही चालू ठेवा. असल्या नोंदी मला कुणी आणून देत नाही."

पाच वर्षं. माझा चार महिन्यांच्या वर हिशेब नाही.

१० मार्च, रविवार

पिशवी भरलीय. दोन शर्ट, टॉवेल, तंगूस. उद्या सकाळच्या एस्टीनं भिगवण, तिथनं हुबळी.

पोरीला सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "जूनला दात दावायचाय. तू न्हाय आलास तर म्या तोंड उघडनार न्हाय. मॅडमनी ठोकू दे न्हायतर काय बी करू दे." आणि ओठ आवळून बसली. जेवायलाही उघडेना. सरुबाई म्हणाल्या, "बघ बाबा. दात वाचला, पोरगी उपाशी मरती." मी म्हणालो, जूनला येईन. तिनं मान हलवली, नाही. खोटं तिला कसं कळतं कोण जाणे. पिशवीतनं तंगुसाचं रीळ काढून तिच्या हातात दिलं, ठेव तुझ्याकडं, म्हणजे मला परत यावं लागेल. तेव्हा भाकरीचा तुकडा घेतला, दाढेनं.

आता दुपार. ओट्यावर बसून लिहितोय. शेवटची नोंद: दात घट्ट, रंग शेजारच्यासारखा, हिरडी

कुत्रं भुंकतंय. सरुबाई आतनं, "अगं बया, अनिता, बघ तरी कोण आलंय!" अक्काच्या हातनं पातेलं पडलं.

वाटेवरनं कुणी चालत आलंय. खांद्यावर घोंगडी, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे धुळीनं. एस्टीनं आलेला माणूस असा दिसत नाही. कळसपासनं चालत.

आबा.

माझ्याकडं बघितलं नाही. सरळ पोरीपाशी बसले, मेंढराचं वय बघतात तसा अंगठ्यानं तिचा ओठ वर केला. तिनं तोंड उघडलं. मग माझ्यापुढं येऊन उभे राहिले. काही बोलायचंय त्यांना. दुसऱ्या हातात वेटोळं करून धरलेली तार आहे. सायकलच्या ब्रेकची, चकचकीत, कुडाच्या दाराच्या गाठीचा अजून वळ आहे.

पाचवे आले. जूनला मॅडमना सांगायला पाहिजे.